दुरुस्तीला जाणारी भट्टी

दोन्कानं मिरच्या भाजायच्या विजेच्या भट्टीचं झाकण उचललं, देठाला धरून वीतभर लांब, गरदार मिरची वर काढली आणि फिरवून पाहिली. एका बाजूनं साल काळी पडून फुगली होती. दुसरी बाजू मंडईतून आणली तशीच, लाल आणि तुळतुळीत. तिनं भट्टीच्या तोंडावर तळहात धरला. ऊब होती, आच नव्हती. प्लग काढून पुन्हा लावला, मग स्वयंपाकघरातल्या दुसऱ्या बोर्डावर लावला. आतली तार काही लाल होईना.

"गेली," ती म्हणाली.

मिन्चो गॅलरीच्या कोपऱ्यात प्लास्टरमधला पाय स्टुलावर टाकून बसला होता. मांडीवर पातेलं, हातात सुरी. तिनं भाजायच्या आणि त्यानं सोलायच्या, ही त्यांची जुनी वाटणी. यंदा अक्रोड झोडताना झाडावरून पडला, तरी सोलायला म्हणून सकाळीच तयार होऊन बसला होता.

"टाकून दे," तो म्हणाला.

"काय?"

"जुनी झाली ती. टाक आणि नवी आण. हल्ली तीन-तीन मिरच्या एकदम भाजणाऱ्या मिळतात."

दोन्का त्याच्याकडे बघत राहिली. दरवर्षी मिरच्या बाजारात आल्या की हाच माणूस तळघरात जाऊन भट्टी तपासायचा आणि वर येऊन सांगायचा, की तार गेली. मग पिशवीत घालून सावा मिस्त्रीकडे न्यायचा, आठवड्यानं परत आणायचा. नवी घेऊ या असं दरवर्षी तीच म्हणायची. तो म्हणायचा, असा पत्रा आता मिळतो का? आणि तुझ्या आईची वस्तू. आईची वस्तू कुणी टाकतं का?

"सावा कुठं गेला मग?" तिनं विचारलं.

"सावाला आता धड दिसत नाही. हात कापतात त्याचे. घराला आग लागायची."

"गेल्या वर्षी तर त्याच्या हातात जादू आहे म्हणत होतास."

"गेल्या वर्षी मलाही दोन पाय होते."

गॅलरीत मिरच्यांची दोन पोती उभी होती. खाली इमारतीच्या अंगणात तीन-चार घरांच्या भट्ट्या लागल्या होत्या आणि भाजक्या सालींचा वास जिन्याजिन्यातून वर चढत होता. खालून शेजारणीनं मान वर करून विचारलं, "दोन्के, तुमच्याकडं सामसूम का गं? मिन्चोनं संप केला काय?"

"भट्टीनं केलाय," दोन्का म्हणाली.

तिनं भट्टी गार होऊ दिली आणि जुन्या चादरीत गुंडाळली.

"सोमवारी प्लास्टर निघालं की मी नेतो," मिन्चो म्हणाला.

"सोमवारपर्यंत मिरच्या तुझी वाट बघत बसतील का?"

ती दारापर्यंत पोचली तेव्हा त्यानं हाक मारली. पाणी हवं असेल म्हणून ती मागं वळली.

"काही नाही," तो म्हणाला. "जा."

सावा मिस्त्रीचं दुकान पोस्टाच्या मागं, चार पायऱ्या उतरून. दिवसाही दिवा लागायचा. त्यानं भट्टी टेबलावर उलटी केली आणि चष्मा कपाळावर सारून बुडाशी डोळे नेले. हात बिलकुल कापत नव्हते.

"बरं झालं तुम्हीच आलात, दोन्काताई. कधी येत नाही."

"मिन्चोचा पाय मोडलाय. नाहीतर तोच आला असता, नेहमीसारखा."

"नेहमीसारखा?"

"दरवर्षी आणतो ना तुमच्याकडं. ही भट्टी."

सावानं मान वर केली. मग दिवा खाली ओढला आणि बोटानं दाखवलं. "इथं बघा. स्क्रूच्या डोक्यावर कारखान्याचा रंग आहे. स्क्रूड्रायव्हर एकदा लागला असता, तर हा उडाला असता. आतली तारसुद्धा पहिलीच असणार. खूप चालली बिचारी. हिच्या बुडाला आजवर कुणी हात लावलेला नाही. मी तर नाहीच."

"पण मिन्चो…"

"मिन्चो भेटतो मला चौकात. एकमेकांना शिव्या देतो आम्ही, कॉफी पितो. पण इथं कधी साधी इस्त्री घेऊनही आला नाही."

दोन्काच्या तोंडातून भलतंच निघालं. "आणि तुमच्या बायकोची चटणी?"

"कुणाची?"

"लाल चटणी. भट्टीबरोबर दोन बरण्या पाठवतात ना त्या. मी त्यांना लोकरीचे मोजे विणून दिले होते."

सावा हसला. "माझी बायको एका अकॉर्डियनवाल्याबरोबर प्लोव्दिवला गेली, त्याला वीस वर्षं झाली. जाताना चटणी करून ठेवायचं तिला सुचलं नाही."

दोन्काही हसली. हसता हसता तिथल्याच खोक्यावर बसली.

आई चटणी उतरवायच्या आधी एक आंबट सफरचंद किसून घालायची. दुसरं कुणी घालत नसे. पहिल्या वर्षी बरणी उघडून पावाला चटणी लावली, तेव्हा दोन्का म्हणाली होती, सावाची बायकोपण सफरचंद घालते वाटतं, अगदी आमच्या आईसारखं. मिन्चोनं खाता खाता मान हलवली होती. असेल, म्हणाला होता. नंतर दरवर्षी तीच आठवण करायची, की यंदा बरण्या दोन का, चार माग.

"काय करू?" सावानं विचारलं. आता तो हसत नव्हता. "तार बदलली की चालेल. अर्ध्या तासाचं काम आहे. मग आपल्या दोघांनाही पुरून उरेल. का नवी घेताय?"

"बदला," ती म्हणाली.

भट्टी घेऊन ती बाहेर पडली आणि घराकडं न वळता पुलावरून पलीकडच्या मोहल्ल्यात गेली.

या पुलावर तिनं नऊ वर्षं पाऊल ठेवलं नव्हतं. आई वारली तेव्हा दोन्का इटलीत होती, कुणाच्या तरी म्हाताऱ्या आईला न्हाऊमाखू घालायच्या नोकरीवर. नोकरीला महिनाच झाला होता. धाकटी बहीण लालका इथं आईपाशी होती. फोन केला की सांगायची, बरी आहे, झोपलीय. मग एक दिवस तिचाच फोन आला, की माती देऊन तीन दिवस झाले. दोन्का चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला पोचली. फाटकावर आईचा फोटो असलेला कागद चिकटवलेला होता, आणि खाली छापलं होतं, शोकाकुल मुली दोन्का आणि लालका. ती आत गेली, ओसरीवरची मिरच्यांची भट्टी उचलली आणि लालकाशी एक शब्द न बोलता चालती झाली. मिन्चोनं तिला तेव्हा सांगितलं होतं, की त्या आठवड्यात तो ट्रक घेऊन वार्नाला गेला होता. त्यालाही परत आल्यावरच कळलं.

लालका अंगणात होती. दोन विटांवर पत्रा ठेवून खाली लाकडं लावली होती आणि पत्र्यावर मिरच्या. सगळीकडं धूर. फाटक वाजलं तशी ती डोळे पुसत वळली. आता पार म्हातारी दिसत होती. पायात रबरी जोडे, आणि जोड्यांत दोन्कानं विणलेले मोजे. निळे, टाचेला पांढरा पट्टा.

लालका भट्टीकडं बघत होती.

"ताई," ती म्हणाली. "मिन्चोनं सांगितलं होय तुला?"

"सावानं सांगितलं."

लालकानं पत्र्यावरच्या मिरच्या उगाच उलटल्या. "मी मागितली नव्हती. पहिल्या वर्षी तोच घेऊन आला. मी म्हटलं, नवी घेईन की माझी मी. पण भट्टीबरोबर तुझी बातमी यायची. गुडघा दुखतो, इटलीहून कायमची आलीस, नातू झाला. मग मी नको म्हणायचं सोडलं."

"मला का नाही कळवलंस?"

"ताई…"

"आई जात होती आणि तू मला सांगत होतीस, झोपलीय."

लालकानं खुर्ची पुढं केली. दोन्का बसली नाही.

"मी फोन लावला होता," लालका म्हणाली. "आईचं बिघडलं त्या पहिल्याच रात्री. त्यानं हातातून काढून घेतला. म्हणाला, आत्ताच नोकरी लागलीय, आली तर जाईल. दुसरी बाई उभीच आहे तिथं. म्हणाला, आई काही तिच्या येण्यानं थांबणार नाही. मी सांगेन तिला सवडीनं."

"तो वार्नाला होता."

लालकानं तिच्याकडं पाहिलं आणि नजर काढून घेतली. "शवपेटी उचलायला चौघं लागतात, ताई. चौथा कोण होता असं वाटतं तुला?"

लाकूड फुटून ठिणगी उडाली. दोन्कानं पाय मागं घेतला.

"आणि तू नऊ वर्षं गप्प बसलीस."

"तू फोन उचलत नव्हतीस."

"पहिलं वर्ष. नंतर?"

लालकानं हात एप्रनला पुसले. ते आधीच कोरडे होते. "नंतर वाटलं, सांगितलं तर त्याचंही येणं थांबेल. मग मला कोण राहिलं?"

दोन्कानं भट्टी काखेत नीट घेतली. "मिरच्या करपताहेत," ती म्हणाली आणि फाटकाबाहेर पडली.

घरी मिन्चो तसाच बसला होता. मांडीवर पातेलं, पातेल्यात ती एकच अर्धी भाजलेली मिरची. जिन्यात तिची पावलं वाजली तेव्हापासून तो दाराकडं बघत असावा.

"उशीर केलास," तो म्हणाला. "झाली का दुरुस्त?"

"झाली. पहिल्यांदाच."

त्यानं सुरी पातेल्यात ठेवली. दोन्कानं चादर सोडली, प्लग लावला. तार आधी काळी, मग तांबडी, मग लालभडक झाली. तिनं पोत्यातून मिरची काढली, पुसली, आत सोडली आणि झाकण ठेवलं. आत चरचर झाली.

"लालका लाकडांवर भाजतेय यंदा," ती म्हणाली. "डोळे सुजलेत धुरानं."

दोन्कानं मिरची काढली. चारही बाजूंनी सारखी भाजली होती. त्यानं सवयीनं पातेलं पुढं केलं. ती स्वयंपाकघरात गेली, दुसरं पातेलं घेऊन आली आणि मिरची त्यात टाकली. मग दुसरी. मग तिसरी. त्याचं पातेलं थोडा वेळ तसंच पुढं राहिलं, मग मांडीवर गेलं.

"मी सांगणारच होतो," तो म्हणाला. "तू परत येईपर्यंत थांबलो. आलीस तर तू तिच्याशीच बोलेनाशी झालीस. मग कसं सांगायचं?"

खालच्या अंगणात कुणीतरी हसत होतं. दोन्कानं स्टूल ओढून त्याच्याकडं पाठ केली आणि पातेल्यातली मिरची उचलली. ती अजून निवली नव्हती. साल निघत होती आणि बोटं भाजत होती.

"त्या दिवशी ऊन होतं की पाऊस?" तिनं विचारलं.

"कुठल्या दिवशी?"

ती सोलत राहिली.

"ऊन होतं," मिन्चो म्हणाला. "वारा होता. कबरीवर मेणबत्त्या राहीनात. लालका हाताचा आडोसा करून धरत होती, तरी विझत होत्या."

तो थांबला. दोन्कानं सोललेली मिरची बाजूला ठेवली आणि दुसरी घेतली. मागं वळून पाहिलं नाही.

"पुढं सांग," ती म्हणाली.