दादाचे डोळे

आमच्या दादाचा डोळे उघडे असलेला एकही फोटो नाही. समोर कॅमेरा आला की त्याला हसू फुटायचं, आणि हसला की डोळे गुडूप. शाळेच्या ग्रुप फोटोत तर तो उभ्या उभ्या झोपलाय असंच वाटतं.

नदीवरचा पूल कोसळला त्याला यंदा दहा वर्षं झाली. पुलावरच्या बसमध्ये दादा होता, कामावर निघालेला. दरवर्षी त्या दिवशी भोंगा होतो आणि अख्खं गाव एक मिनिट थांबतं. यंदा स्मृतिदिनाच्या समितीने त्या अपघातात गेलेल्या सगळ्यांच्या फोटोंची भिंत गावच्या हॉलमध्ये करायची ठरवली आणि काम फोटोवाल्या काकांकडे दिलं. काका कामाला चोख, पण त्यांचे हात शिवशिवतात. कुणाचा मस घालवतील, कुणाच्या टकलावर केस उगवतील. दादाचा फोटो बघून ते म्हणाले, मिटल्या डोळ्यांचा फोटो अशा भिंतीवर बरा दिसत नाही, लोकांना भलतंच वाटतं. मग त्यांनी मला स्टुलावर बसवलं, माझा फोटो काढला आणि माझे डोळे दादाला लावले. मी खूश होतो. जन्मभर त्याचे जुने शर्ट वापरले, निदान माझी एक वस्तू तरी त्याच्या अंगावर चढली.

आईला आम्ही काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी सकाळी हॉलमध्ये ती एकेक फोटो बघत दादापाशी आली आणि पांढरीफटक पडली. मला वाटलं, आता रडेल. तिने माझा दंड धरला, इतका घट्ट की बोटं उमटली.

"हे तुझे डोळे आहेत," ती म्हणाली. "या भिंतीवर माझा एकच आहे. तू कशाला चढलास तिथं?"

काकांनी मान खाली घालून चूक कबूल केली. समितीचे अध्यक्ष म्हणाले, भोंग्याची वेळ होत आलीय, आजचा दिवस राहू दे, उद्या बदलू. आई जागची हलेना. शेवटी काकांनीच फोटो उतरवला आणि एवढं पोट सावरत दुकानाकडे पळत सुटले. मूळ फोटो छापून धापा टाकत आले, तेव्हा सगळे रांगेत उभे राहत होते.

भिंतीवरचे सगळे गंभीरपणे समोर बघत होते आणि त्यांच्यामध्ये आमचा दादा डोळे मिटून, दात काढून हसत होता. शेजारी एक बाई नवऱ्याच्या फोटोपुढे रडत होती. तिचं लक्ष दादाकडे गेलं आणि तिला रडता रडता हसू आलं. आईने हाताने काच पुसली. ती आता शांत झाली होती.

भोंगा झाला. हॉल एकदम गप्प झाला. मला दादाची इतकी आठवण आली की मी डोळे मिटून घेतले.

आईने मला कोपराने ढोसलं.

"तू उघडे ठेव," ती हळूच म्हणाली.