साठ खाटांना दोन माणसं

आमच्या डोंबिवलीच्या हॉस्पिटलात साठ खाटा आहेत आणि कॉम्प्युटर सांभाळायला माणसं दोन, मी आणि विकी. केसपेपर, बिलं, लॅबचे रिपोर्ट, एक्स-रे सगळं आमच्या जिवावर चालतं. चालतं तोवर आमची कोणाला आठवण नसते. बंद पडलं की वॉर्डबॉयपासून सर्जनपर्यंत सगळे आमच्या नावाने शंख करतात. त्याची मला सवय आहे, घरी वायफाय गेलं की नवराही तेच करतो.

हॉस्पिटलचे मालक गोपीनाथशेठ म्हात्रे. जमीन त्यांच्या वडिलांची, तिथे पूर्वी भाताची खाचरं होती. माणूस भला, पण खर्च वाढला की अस्वस्थ होतो. म्हणून त्यांनी एक सल्लागार बोलावला, शौनक नावाचा. हा बाबा आठवडाभर माझ्याच खुर्चीत बसला, माझाच चहा प्यायला आणि शेवटी शेठच्या केबिनमध्ये पडद्यावर त्याने आलेखाचे दोन खांब दाखवले. उंच खांब आम्ही. बुटका खांब म्हणजे ठाण्याला वर्तकनगरमधलं तीनशे खाटांचं हॉस्पिटल.

“शंभर खाटांमागे त्यांची आयटीची माणसं दोन, तुमची तीनच्या वर,” शौनक म्हणाला. “उत्पन्नाच्या मानाने आयटीवरचा खर्चही तुमचा जवळजवळ दुप्पट आहे. तुम्हाला एक माणूस पुरेल.”

शेठ माझ्याकडे वळले. “दक्षता, कोण जाईल ते पंधरा दिवसांत सांग.”

दारातून निघताना शौनकने हळूच सुचवलं, सिनियर माणूस कमी केला की बचत जास्त दिसते. सिनियर म्हणजे मी. विकीचा पगार माझ्या निम्मा, त्यामुळे कोणाचं नाव द्यायचं हे उघडच होतं. नवऱ्याची एमआयडीसीतली कंपनी दिवाळीपासून बंद, मुलगी अकरावीत. माझी नोकरी गेली तर आमच्या घरात येणारा एकही पगार उरत नव्हता. घरी काही बोलले नाही, भांडी मात्र फार जोरात घासली.

मला राग आला होता तो त्या बुटक्या खांबाचा. एवढे कोण शहाणे बसलेत तिथे? मी सरळ फोन करून त्यांच्या आयटी प्रमुखाचं नाव विचारलं. सुमित चौबळ. भेटायला येऊ का म्हटलं, तर तो घाईघाईने म्हणाला, “याच. मलाही तुम्हाला भेटायचंय.”

स्कूटर काढली. शीळफाट्याला ट्रेलरच्या मागे अडकून धूर खाल्ला आणि वाटभर भांडणाची उजळणी केली. चौबळ मात्र भांडण्याच्या लायकीचा निघाला नाही. पन्नाशीचा, डोळ्यांखाली काळं, टेबलावर न खाल्लेला वडापाव.

“डोंबिवलीच्या दक्षता मॅडम त्या तुम्हीच?” तो म्हणाला. “तुमचं नाव ऐकून माझे कान किटले हो.”

“माझं?”

“आमच्याकडे एक सल्लागार आलेला. शौनक. आम्ही इथे सहा जण आहोत. त्याने मॅनेजमेंटला सांगितलं, डोंबिवलीचं हॉस्पिटल दोन माणसांत सगळं चालवतं, मग यांना सहा कशाला? माझी दोन माणसं काढायला निघालेत.”

मला जे हसू फुटलं ते आवरेना. लहानपणी आई मला ऐकवायची, ती शेजारची प्राप्ती बघ, कशी अभ्यास करते. पुढे कळलं की प्राप्तीला तिची आई माझं नाव घेऊन बदडायची. चौबळला हे सांगितल्यावर तोही हसला, आणि मग आठवण झाल्यासारखा वडापाव खाऊ लागला.

मग आम्ही दोघांनी डोकं लावलं. आकडे खोटे नव्हते. आम्हाला झोडायचं तेव्हा शौनकने खाटांनी भागाकार केला होता. त्यांना झोडायचं तेव्हा नुसती डोकी मोजली होती. बिलाचं सॉफ्टवेअर साठ खाटांनाही एक लागतं आणि तीनशेंनाही एकच. सर्व्हर तसाच, बॅकअप तसाच. लहान जागेत तो खर्च थोड्या खाटांवर पडतो, म्हणून आमचा खांब उंच दिसतो. निघताना चौबळ म्हणाला, “तुमचा भागाकार मी नेतो, माझी डोकी तुम्ही न्या.”

दुसऱ्या दिवशी शेठसमोर मी भागाकार वगैरे काढलाच नाही.

“शेठ, तुमच्याकडे हळदीला हजार पानं उठतात. आचारी किती?”

“पाच-सहा तरी लागतंन.” जेवणावळीचा विषय निघाला की शेठ घरच्या आगरीत शिरतात.

“आणि बारशाला, दोनशे पानांना?”

“दोन.”

“हजारला पाच, म्हणजे दोनशेला एकच पुरायला हवा.”

“यकला कसा पुरंल गो? तो भाताजवळ बसला तर मटन कोन बघंल? न् तो आजारी परला तर?”

बोलता बोलता शेठ थांबले. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी ठाण्याची सगळी हकिगत सांगितली. चौबळलाही आमच्याच नावाने झोडपतात हे ऐकल्यावर त्यांचा चेहराच बदलला.

“ठान्याचे मोठे हास्पिटलान आपला उदाहरन देतान?”

“देतात.”

शेठ इतके खूश झाले की शौनकला फोन लावून, आमचे दोघेही राहणार, असं त्यांनी माझ्यासमोरच सांगून टाकलं. मग फोन ठेवून माझ्याकडे बघितलं. “पन तू नाव कोनाचा देनार होतीस?”

“माझं.”

“येरी हास काय?” मला वेड्यात काढत ते ओरडलेच. “हितं बसून सगला तूच उभा केलास ना?”

मला तिथेच रडू आलं. शेठ गडबडले आणि चहा, चहा करत बाहेर गेले. इतके दिवस छातीवर बसलेला धोंडा उतरला होता, आणि मी वेड्यासारखी ओढणीने त्यांचं टेबल पुसत होते.

खाली विकी लॅबच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद ओढत होता. माझे डोळे बघून तो घाबरला.

“मॅडम, काय झालं?”

“उद्या मी येत नाहीये.”

त्याच्या हातातला कागद टराटरा फाटला. “म्हणजे? तुम्हाला काढलं?”

“नाही रे बाबा. दोघं आहोत ना आपण? मग एकाने कधी सुट्टी घ्यायला काय हरकत आहे?”