घडीची सायकल

नानासोंनी गुणमालाबाईंच्या सायकलीच्या पोटाखाली हात घातला, तिला जमिनीपासून वीतभर उचललं आणि तोंड वाकडं करून परत खाली ठेवलं.

"मेंढी हाय ही. तीबी गाभण," ते म्हणाले. "हिला घिऊन रोज रेल्वेचा पूल चढताय व्हय तुमी?"

गुणमालाबाई हसल्या, पण मनात थोडं लागलंच. सातारा स्टेशनापासून गावापर्यंतचा चढ या गाभण मेंढीला ढकलत आणता आणता त्यांचा घामटा निघाला होता. रविवारचा दिवस. घरी आराम करायचा सोडून पन्नाशीतली बाई नांद्र्याहून गाडीत बसून साताऱ्याला आली होती, ती सायकल बदलायला. घडीची सायकल देऊन घडीचीच सायकल घ्यायला. हे ऐकून डब्यातल्या एका बाईनं त्यांच्याकडे जरा काळजीनंच पाहिलं होतं.

गुणमालाबाई मिरजेच्या एका मोठ्या इस्पितळात केसपेपरच्या खिडकीवर बसायच्या. राहायला नांद्र्याच्या शिवारात, मळ्यातच. मळ्यापासून स्टेशन लांब, आणि मिरजेच्या स्टेशनापासून इस्पितळ लांब. मधला प्रवास पॅसेंजरचा. म्हणून पुण्यात नोकरी करणाऱ्या लेकानं, सम्मेदनं, त्यांना ही सायकल आणून दिली. मधोमध बिजागरी, खटका ओढला की चाकाला चाक लागायचं. पिशवीत घालून बाकाखाली सरकवली की कुणाची ना नव्हती. दोन्ही टोकांचे रिक्षावाले सुटले. पण सायकल होती लोखंडाची. मिरजेत गाडी पलीकडच्या फलाटाला लागायची आणि पुलाचा दादर चढताना गुणमालाबाईंना मध्ये दोनदा टेकावं लागायचं. वर पोहोचेपर्यंत गाडी हलायची. मग पुढची गाडी येईपर्यंत बाकावर बसून राहायचं, आणि ती नांद्र्याला पोहोचायची ती अंधार पडल्यावर.

अंधाराचं त्यांना भय नव्हतं. अडचण होती जेवणाची.

लग्न होऊन आल्यापासून त्या अणथमी पाळायच्या. सूर्य बुडायच्या आत जेवण उरकायचं, एकदा बुडाला की ताटाला हात नाही. त्यामुळे डबा बरोबरच असायचा. गाडी चुकली की फलाटावरच्या बाकावर डबा उघडायचा, दोन घास खायचे, हात धुवायचे. याची त्यांना इतकी सवय झाली होती की भजीवाला त्यांना पाण्याची बाटली भरून द्यायचा. त्यांचे यजमान बाळगोंडा मात्र आयुष्यभर या नियमाची टर उडवत आले. रात्री उसाला पाणी पाजणाऱ्या माणसाला सूर्य कुठला दाखवता, असं म्हणायचे आणि वाट्टेल तेव्हा जेवायचे.

मग गेल्या साली त्यांच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. त्यानंतरच्या दशलक्षण पर्वात हा माणूस कुणी न सांगता बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन अणथमीचा नियम घेऊन आला. गुणमालाबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी शेजारच्या मळ्यापर्यंत साखर वाटली. आता संध्याकाळी आपण दोघं समोरासमोर जेवायला बसणार, असं त्यांना वाटलं. तीस वर्षांत जे झालं नव्हतं, ते आता रोज होणार होतं.

कसलं काय. हिवाळा आला, दिवस लहान झाला. बाळगोंडा मळ्यात एकटे जेवत आणि गुणमालाबाई मिरजेच्या फलाटावर एकट्या. दोघं एकाच सूर्याकडे बघून घास घेत, एवढाच काय तो संसार. त्यात बाळगोंडांना एकटं जेवता येत नसे. सकाळी करून ठेवलेली भाकरी तशीच राहायची. कपभर दूध प्यायचे आणि उठायचे. गडी वाळत चालला होता. डॉक्टर म्हणाले, खाणं वाढवा. गुणमालाबाई रागावल्या, तर ते एवढंच म्हणाले, "म्होरं कोण नसलं की घास तोंडात फिरतोय गं."

आणि सायकलीबद्दल म्हणाले, "तुजी सायकल घडी हुतीय, पण घडी गाठत न्हाई."

हे वाक्य गुणमालाबाईंच्या डोक्यात घर करून बसलं. त्यांनी सम्मेदला फोन लावला. पोरगं हुशार. त्यानं चाकांचा व्यास, गिअर, वजन, घडी केल्यावरची लांबी-रुंदी, सगळं आईला पाठवलं. कुठली प्रवासाला बरी, कुठली रोजच्या नोकरीला बरी, याचे व्हिडिओ पाठवले. गुणमालाबाईंनी ते जेवणाच्या सुट्टीत इतक्यांदा बघितले की शेजारच्या खिडकीवरची मंगल त्यांना सायकलबाई म्हणायला लागली. पण व्हिडिओतला माणूस दोन बोटांनी सायकल उचलून हसतो, त्यावर मिरजेच्या दादराचा हिशेब कसा लावायचा? शेवटी वॉर्डातली स्वप्नाली सिस्टर म्हणाली, आमच्या दादांकडे जाऊन या. त्यांनी सायकलींचा कळपच पाळलाय.

ते दादा म्हणजे नानासो. माणदेशातले, मेंढरं राखणाऱ्या घरातले. फौजेतून सुभेदार होऊन आले, साताऱ्यात घर बांधलं आणि एसटीच्या डिकीत सायकल टाकून गावोगाव हिंडायचा नाद लावून घेतला. वाड्यावरची मेंढरं गेली आणि यांनी घडीच्या सायकली धरल्या, असं त्यांची बायको सुलाबाई येईल त्याला सांगायची. अंगणात तीन उभ्या होत्या. नानासो विकायच्या म्हणून विकत नसत. गिऱ्हाईक बघून मेंढरू द्यावं, तसा त्यांचा कारभार.

त्यांनी आधी मोठ्या चाकांची काढली. सात गिअरची. गुणमालाबाईंनी पदर खोचला आणि गल्लीला चक्कर मारली. काय धावली! चढावर गिअर टाकला तर चढ आहे की नाही तेच कळेना. परत आल्या त्या गालातल्या गालात हसत. त्यांना तीच आवडली होती आणि लपवता येत नव्हतं.

"आता घडी घाला," नानासोंनी हुकूम सोडला. "आन् जिना चढून माडीवर या."

इथं सगळा ताठा उतरला. घडी घातलेली सायकल हलकी होती, पण आडवीतिडवी. हँडल एकीकडे, पायडल एकीकडे. जिन्याच्या वळणावर ती अडकली, साखळीचं वंगण साडीला लागलं आणि गुणमालाबाई मध्येच उभ्या राहिल्या. खालून सुलाबाईंनी सांगितलं की ही प्रवासाला चांगली, पोत्यासारखी डिकीत टाकायची आणि विसरायची. रोज हातात धरून चढायची ही नव्हे.

दुसऱ्या सायकलीकडे नानासोंनी बोटही दाखवलं नाही, तिचा मागचा ब्रेक बरा नव्हता. तिसरी भिंतीकडे होती, फडक्यानं पुसून ठेवलेली. चाकं एवढीएवढीशी. गुणमालाबाईंनी विचारलं, तर नानासो म्हणाले की ती द्यायची नाही, नुसती बघा.

बघायला म्हणून त्यांनी तिची घडी घालून दाखवली. मागचं चाक पोटाखाली गेलं, मग पुढचं कुशीत आलं. दोन घड्या. सायकल आपली आपण उभी राहिली, आणि खालच्या छोट्या चाकांवरून ढकलली तर मुकाट्यानं चालायला लागली. गुणमालाबाईंनी न विचारताच ती एका हातात उचलली आणि जिना चढल्या. वळण गेलं, माडी आली, कुठं टेकलं नाही. वरून त्यांनी खाली पाहिलं, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते. सायकल उचलून कुणी रडतं का? पण त्यांना आलं रडू.

नानासो गडबडले. ही लहान चाकाची आहे, खड्ड्यात दात वाजतील, मळ्याच्या वाटेला बरी नव्हे, असं सगळं खरं खरं सांगून झालं. एक गाडी चुकली तर दुसरी आहे की, एवढी घाई कशाला, असंही त्यांनी विचारलं. मग गुणमालाबाईंनी खाली येऊन सगळं सांगितलं. अणथमी म्हणजे काय, फलाटावरचा डबा, आणि कपभर दुधावर उठणारा माणूस.

नानासो फडकं घेऊन परत त्या सायकलीचं हँडल पुसायला लागले. बोलल्या त्या सुलाबाई.

"द्या की ती. तुमी कवा माज्यासंगं येळंवर जेवलाय? निदान त्यांला तरी जेवू द्या."

सुभेदारसाहेबांनी फडकं खाली ठेवलं. मग त्यांनी सायकलीची घडी घातली, पिशवीत भरली आणि पिशवीची चेन ओढली. पैशाचं बोलणं दोन वाक्यांत उरकलं. गाभण मेंढी त्यांनी कळपात ठेवून घेतली. "वापरा," ते म्हणाले, "पण पावसात भायेर ठिवू नका तिला." त्या दिवशी दुपारी सुलाबाईंनी पाहुणीबरोबर नवऱ्यालाही ताटावर बसवलं, आणि ते बसले.

सोमवारी इस्पितळात खिडकीवर गर्दी उसळली होती. शेवटी तासगावकडचे एक आजोबा आले, त्यांना वडिलांचं नाव सांगायचं की मुलाचं ते कळेना. गुणमालाबाईंनी त्यांचा केसपेपर नीट करून दिला, मंगलला खिडकी सोपवली आणि निघाल्या. स्टेशनवर दोन झटक्यांत घडी, आणि दादर. न टेकता. मागून येणारी कॉलेजची पोरं बाजूला झाली. गुणमालाबाई डब्यात बसल्या तेव्हा गाडी अजून उभी होती. इतकी वर्षं त्यांनी ही गाडी फक्त जाताना पाहिली होती.

नांद्र्याला उतरल्या, तेव्हा सूर्य बराच वर होता. पण मळ्याच्या वाटेवर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. एक ट्रॉली रुतली होती आणि पुढे सायकलच काय, माणूस जायला जागा नव्हती. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तासभर तरी हलत न्हाई हितनं." गुणमालाबाईंनी एकदा उन्हाकडे पाहिलं. खाली उतरल्या, सायकलीची घडी घातली, खांद्याला अडकवली आणि सरळ तोडलेल्या उसाच्या बांधावरून चालायला लागल्या. पाचट पायाला टोचत होतं, साडी फाटत होती, आणि त्या एकट्याच मोठ्यानं हसत होत्या. बांध संपल्यावर सायकल उघडली आणि खड्ड्याखड्ड्यांतून दामटली. दात वाजले. वाजू देत, म्हणाल्या.

बाळगोंडा सोप्यात बसले होते. समोर दुधाचा कप. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग उसाच्या शेंड्यांवरच्या सूर्याकडे पाहिलं, आणि कप बाजूला सारला. गुणमालाबाईंनी हातपाय धुतले, दोन ताटं घेतली, सकाळची भाकरी, वांग्याची भाजी, दही असं वाढलं आणि समोर बसल्या. दोघं जेवायला लागले. सायकल कुठली, किती हलकी, कुणी दिली, यातलं बाळगोंडांनी काहीही विचारलं नाही. एक भाकरी संपली. ते बोटं चाटत ताटाकडे बघत राहिले.

"अजून अर्धी हाय व्हय?"

गुणमालाबाईंनी दुरडीतली भाकरी काढली. अर्धी नाही, सगळीच त्यांच्या ताटात ठेवली. बाळगोंडांनी घाईघाईनं घास मोडला आणि बाहेर उन्हाकडे मान वळवली.

"सावकाश खावा," गुणमालाबाई म्हणाल्या. "दिस हाय अजून."

त्यांनी मान डोलावली आणि भाजी मागितली.