कोऱ्या पानाचा बुधवार

माझा प्रबंध ज्या वहीवर उभा होता ती वही अस्तित्वातच नाही, असा निर्णय तीन विद्वानांनी चहा निवण्याच्या आत घेतला. वही एका सुईणीची. शंभर वर्षांपूर्वी तिने आपल्या हातून झालेलं प्रत्येक बाळंतपण त्यात टिपून ठेवलं होतं: कळा केव्हा सुरू झाल्या, ताप किती दिवस राहिला, बाळ केव्हा रडलं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून मी ती पेन्सिलीने जशीच्या तशी उतरवून घेतली होती. दोन वर्षांनी समितीने मूळ वही मागितली, तेव्हा त्या क्रमांकाच्या जागी धूळ होती. विभागप्रमुखांनी अहवालात 'कल्पित साधन' असं लिहिलं. त्यांच्या कारकिर्दीतले हे बहुधा पहिलेच स्वतःचे शब्द. एरवी ते इतरांच्या पुस्तकांच्या शेवटी आपलं काहीबाही जोडत आले होते, म्हणून विद्यार्थी त्यांना परिशिष्ट म्हणत.

माझी विद्यापीठातली नोकरी गेली, आणि नावापुढे खोटारडेपणाची एक सभ्य शंका कायमची बसली. मी ब्लॉग सुरू केला.

पहिले चार लेख परिशिष्टांवर होते. ते वाचायला झुंबड उडाली. वहीबद्दल मात्र एकानेही विचारलं नाही. तेव्हा मी राग घडी घालून ठेवला आणि ठरवलं की दर बुधवारी सकाळी वहीचं एक पान मांडायचं. वर मजकूर, खाली माझी टीप. ती वही माझ्यानंतर कुणाच्या तरी हातातून गेली असणार, आणि त्या माणसाने कधीतरी हे पान वाचावं, एवढीच माझी अपेक्षा होती. चारशे वाचक चाळिसावर आले, चाळिसांचे अकरा झाले.

"अकरातले सहा यंत्रं आहेत, ताई," माझा धाकटा भाऊ म्हणाला. त्याचं चष्म्याचं दुकान आहे, आणि ब्लॉगचे आकडे तो माझ्याआधी पाहतो. "एक मी. एक तू स्वतःच, चुका शोधायला येतेस."

"म्हणजे तीन उरले."

"तीन माणसांसाठी तीन वर्षं?"

"समितीतही तिघंच होते."

पुढच्या बुधवारी तो सकाळीच दुकान उघडण्याआधी येऊन बसला. त्या दिवशी एकशे त्र्याहत्तराव्या पानाची पाळी होती, आणि माझ्या टिपणात त्यापुढे एकच शब्द होता: कोरं.

"चला, सुटलीस. आज सुट्टी घे."

"पान आहे ना?"

"पान आहे, पण त्यावर काही नाही! कोऱ्या पानावर काय डोंबल लिहिणार?"

प्रश्न रास्त होता. मला त्या दिवशी खरोखर थांबावंसं वाटलं. एक बुधवार चुकवला तर पुढचे चुकवायला कारणही लागलं नसतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी टिपणवही पुन्हा उघडली. त्या शब्दाच्या बाजूला, बहुधा कंटाळून, मी त्या पानाचं चित्र काढलं होतं. म्हणून त्या बुधवारी मी पानाचंच वर्णन लिहिलं: रंग फिका पिवळा, खालच्या कोपऱ्यात पेल्याच्या बुडाचा तपकिरी गोल डाग, शिवणीची पाच भोकं, त्यांतलं वरून दुसरं तिरपं.

शुक्रवारी ब्लॉगखाली एक प्रतिक्रिया आली.

"बाई, मी पुस्तकं बांधतो. तुमचा ब्लॉग पहिल्यापासून वाचतो, रागाचे लेख सोडून. वही कुठली ते कळत नव्हतं, कारण आम्ही मजकूर वाचत बसलो तर पोट कसं भरणार? पण त्या तिरप्या भोकात माझ्या दोन सुया मोडल्यात. डागही तोच. फोन करा."

मी फोन केला. आवाज वयस्कर आणि सावकाश होता.

"ग्रंथालयाने पातळ वह्यापुस्तकांचा गठ्ठा पाठवला होता," ते म्हणाले. "एका उंचीची असतील ती एकाच पुठ्ठ्यात बांधा, असा हुकूम. पाठीवर नाव फक्त पहिल्याचं."

"पहिलं कुठलं होतं?"

"कोंबड्या पाळण्याचं."

सोमवारी भाऊ आणि मी ग्रंथालयात गेलो. ग्रंथपालबाईंनी कुक्कुटपालनाचं पुस्तक आणून दिलं. पिसं झडण्याच्या रोगाचं प्रकरण संपलं, आणि पुढचं पान उलटताच सुईणीचं बारीक, उजवीकडे कललेलं अक्षर समोर आलं. मी उभी होते ती खुर्ची चाचपत बसले. तीन वर्षं छातीवर कुणीतरी पाय ठेवून उभं होतं आणि ते आत्ता उतरलं, असं काहीसं झालं. भाऊ चष्मा काढून काच पुसत राहिला. काच स्वच्छच होती.

ग्रंथपालबाईंनी परिशिष्टांना बोलावून घेतलं. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"अहो बाई, कोंबड्यांत आहे म्हणून आधी नाही का सांगायचं?"

"मला ते शुक्रवारी कळलं, सर. वही नाहीच हे तुम्हाला मात्र तीन वर्षांपूर्वीच कळलं होतं."

ग्रंथपालबाईंनी कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला. 'साधन मूळ स्वरूपात उपलब्ध असून आधीचा अभिप्राय मागे घेण्यात येत आहे.' एवढं लिहायला त्यांना चाळीस मिनिटं लागली. 'चूक' हा शब्द टाळणारी वाक्यरचना सहजासहजी सापडत नाही. मला घाई नव्हती. सही झाल्यावर मी कागदाच्या दोन प्रती काढून घेतल्या आणि बाहेर येऊन पुस्तकं बांधणाऱ्यांना फोन लावला.

"सापडली," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी, हलका वाटला.

"शिवण सुटली नाही ना कुठे?"

"नाही. घट्ट आहे."

"मग झालं," ते म्हणाले, आणि मी तीन वर्षांत प्रथमच मोठ्याने हसले.