अर्धी वाचलेली राणी

शिवप्रिया नळदुर्गच्या शाळेत विज्ञान शिकवायची, आणि विज्ञानाचं वेड तिला लागलं होतं ते विरुपाक्ष धनशेट्टींच्या कादंबऱ्यांमुळं. बोअरच्या खोल पाण्यातून परग्रहावरचा संदेश ऐकू येतो, अशी त्यांची एक कादंबरी होती. ती वाचून लहानपणी ती रानातल्या बोअरला कान लावून बसायची. पुढं उतारवयात धनशेट्टी सरांनी अंतराळयानं सोडून वाऱ्यावर हुकूम चालवणाऱ्या राणीची जादूची गोष्ट लिहिली, तेव्हा तिनं तीही गोड मानून घेतली.

त्याच गोष्टीचा दुसरा भाग नवं पुस्तक म्हणून आला, तो मात्र तिच्या घशाखाली उतरेना. कथा जिथं अडेल तिथं मंत्र. राणी संकटात सापडली की वारा येणार आणि तिला सोडवणार. निम्म्यावर तिनं पुस्तक मिटलं आणि त्याच तिरीमिरीत फेसबुकवर लिहून टाकलं, 'धनशेट्टी सर यानातून उतरून जादूच्या घुबडावर बसले. डोकं तेवढं यानात विसरले.'

पोस्ट लई फिरली. अनोळखी लोकांनीही पाठ थोपटली. ती खूश झाली.

मग वाचनालयाचे आण्णासाहेब शाळेत आले. धनशेट्टी सर रविवारी वाचनालयाच्या कार्यक्रमाला सोलापूरहून येणार होते, आणि त्यांचा परिचय शिवप्रियानं करून द्यावा, असं आण्णासाहेबांच्या मनात होतं. त्यांची एवढी पुस्तकं गावात दुसऱ्या कुणी वाचली होती? पोस्टचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. तिनं आढेवेढे घेतले, पण खरं कारण जिभेवर येईना. शेवटी हो म्हणून बसली.

रविवारी ती जुन्या पुस्तकांवर मनापासून बोलली. तिथंच थांबली असती तर बरं होतं. पण समोर सर मान खाली घालून ऐकत होते, आणि त्यांच्याकडं बघून तिनं नव्या पुस्तकाचंही तोंड भरून कौतुक केलं. टाळ्या पडल्या.

चहाच्या वेळी सर कप घेऊन तिच्याजवळ आले.

"तुमची पोस्ट वाचली होती मी," ते हळूच म्हणाले. "राग नाही. वाचणाऱ्याला तेवढा हक्क आहे. एक विचारायचं होतं. शेवटी भाऊ दाराशी येतो तेव्हा राणी जे करते ते बरोबर की चूक, यावर आमच्या घरात लई वाद झाला. तुम्हाला काय वाटलं?"

तिनं क्षणभरही थांबून बघितलं नाही. "दार उघडायला पाहिजे होतं, सर."

"पण उघडतेच की ती."

सरांच्या चेहऱ्यावर आधी नुसता गोंधळ होता. मग त्यांना कळलं, हिनं शेवट वाचलेलाच नाही. किल्ल्यातल्या धबधब्याला औंदा पाणी आहे का, असं विचारून त्यांनी आण्णासाहेबांना जवळ बोलावलं. तिची लाज राखायला त्यांनी विषय बदलला, आणि तेच तिला जास्त लागलं. चहा तसाच ठेवून ती बाहेर पडली.

त्या आठवड्यात मधल्या सुट्टीत बसून तिनं पुस्तक पुरं केलं. ते चांगलं निघालं असतं तर तिला सोपं गेलं असतं, पण तसं झालं नाही. शेवटचं दाराचं प्रकरण तेवढं खरं उतरलं होतं. बाकी सगळा वाराच. पोस्ट पुसून टाकायला तिचं बोट गेलं, पण तिनं ती पुसली नाही. खाली लिहिलं, 'हे मी अर्धं पुस्तक वाचून लिहिलं होतं.' त्यावर कुणी हसलं नाही, कुणी पाठही थोपटली नाही.

मग तिनं सरांना फोन लावला. "सर, आता पूर्ण वाचलं. दाराचं प्रकरण आवडलं. बाकीचं आवडलं नाही. आणि त्या दिवशी मी तुमच्याशी खोटं बोलले."



"बरं झालं सांगितलंत," सर म्हणाले. मग तिच्या शाळेत प्रयोगशाळा आहे का, पोरं प्रयोग करतात का, याची त्यांनी चौकशी केली. ती उत्तरं देत राहिली. ते रागावतील म्हणून तिनं मनाची तयारी करून ठेवली होती. ते रागावले नाहीत. फोन ठेवल्यावरही बराच वेळ तिचे कान गरमच होते.