दहा लाख कोटी एक

पुंता सलादाचं सगळं गाव माना वर करून चर्चपुढे उभं होतं. छपरावर धर्मोपदेशक बंधू प्रुदेन्सियो, हातात कुंचला, आणि पत्र्यावर भला थोरला आकडा: १००००००००००००१.

"दहा लाख कोटी एक!" तो ओरडला. "दोन्ही टोकांना देव, मध्ये बारा शून्यं म्हणजे बारा प्रेषित! उलटा वाचा, सुलटा वाचा, तोच! वाऱ्याला शिरायला फट नाही. हा कशानेच भागत नाही. आणि जो भागत नाही, तो भंगत नाही!"

लोकांनी भागून पाहिलं होतं. दोनने, तीनने, सातने, थेट दहापर्यंत. दरवेळी बाकी उरलीच. चक्रीवादळ उद्यावर आलेलं, आणि छपरं दोरखंडांनी आवळायची सोडून गाव पत्र्यांवर आकडे रंगवून घेत होतं. एका घराला एक कोंबडी, हा बंधूचा दर.

नेरेइदा मास्तरीण गर्दीत दातओठ खात उभी होती. सिमेंटची शाळा तिने निवाऱ्यासाठी उघडून ठेवली होती. सकाळपासून तिथे एक शेळी तेवढी आली होती. मागच्या वादळाने तिचा बाप नेला होता. आणि आता आई, दोन्या एउदोसिया, घर सोडायला तयार नव्हती.

"आई, चल ना शाळेत."

"कशाला? माझ्या छपरावर आकडा आहे. तुझ्या शाळेवर काय आहे? शेवाळ!"

नेरेइदाने छपरावरची शून्यं पुन्हा एकदा मोजली. मग मोठ्याने विचारलं, "बंधू, अकराने भागून पाहिलंत का हो?"

कुंचला थबकला. "अकराने कशाला? देवाने माणसाला बोटं दहा दिली. त्यापुढे तपासणं म्हणजे उद्धटपणा!"

"मग मला काय देवाने केलं नाही?" गर्दीतून तिबुर्सियो म्हातारा गरजला. त्याच्या डाव्या हाताला जन्मापासून सहावं बोट. गाव त्याला अकऱ्याच म्हणे. त्याने दोन्ही पंजे उंचावले. "मोज!"

हशा पिकला. "बाई, भागा! अकऱ्यासाठी भागा!"

नेरेइदाने कोळशाने भिंतीवर आकडा लिहिला. "यातून आधी अकरा काढू. उरले बारा नऊ आणि शेवटी एक शून्य. आता नवांच्या जोड्या लावा. नव्व्याण्णव, नव्व्याण्णव... नव्व्याण्णव म्हणजे नऊ वेळा अकरा. सहा जोड्या, एकही नऊ एकटा राहत नाही. काढून ठेवलेले अकरा तर अकराच. बाकी किती?"

"शून्य!" सगळे ओरडले.

"टोकांना एक-एक आणि मध्ये सम शून्यं असली, की आकडा अकराने भागणारच. यांनी दहापर्यंत टिकणारा आकडा हुडकला, आणि तुम्हाला दहावरच थांबवलं. एवढीच करामत!"

"हिशेबात सैतान घुसलाय!" म्हणत बंधू शिडी उतरला आणि दिसेनासा झाला.

दोन्या एउदोसिया मात्र हटेना. "दुसरा आकडा काढतील. न भागणारेही असतीलच की."

"असतात, आई. हवे तेवढे. पण वाऱ्याला भागाकार येतो का? त्याला पत्रा कळतो, खिळा कळतो. शाळेची भिंत हातभर जाड आहे, तेवढं बघ."

म्हातारीने मान वळवून शाळेकडे पाहिलं. मग निघाली. "शेळीशेजारी मी झोपणार नाही, सांगून ठेवते."

गाव शाळेत पोचलं, तर सर्वांत आतल्या कोपऱ्यात, खिडकीपासून दूर, गादी टाकून बंधू प्रुदेन्सियो आधीच आडवा झालेला!

"तुम्ही इथे कसे?" अकऱ्याने विचारलं.

"तुमच्यासाठी प्रार्थना करतोय."

"मग दारापाशी करा. वाऱ्याला नीट ऐकू जाईल." आणि चौघांनी त्याला गादीसकट दाराकडे सरकवलं.

वादळ आलं, गेलं. माणूस एकही गेला नाही. सकाळी आपल्या छपराचा पत्रा दोन्या एउदोसियाला नारळाच्या शेंड्यात अडकलेला दिसला. रंग जसाच्या तसा.

"बघ, आकडा शाबूत आहे," ती म्हणाली.

"आहे ना. घर कुठाय?"

रिकाम्या जागेकडे पाहता पाहता म्हातारीला रडू फुटलं, आणि रडता रडता हसूही. नेरेइदाने तिला जवळ घेतलं.

बाबांनो, चमत्कार जरूर तपासा. आणि "बास, यापुढे तपासू नका" असं कुणी म्हणालं, तर नेमकं तिथूनच पुढे तपासा.