बाकावर राखलेली जागा

मित्रांनो, बालवाडीच्या व्हरांड्यात एका पायाखाली विटेचा तुकडा सरकवलेला जो जुना लाकडी बाक दिसतो ना, तो मी. माझ्यावर चौघी ऐसपैस बसतात. पाचवी आली, तर जरा सरकावं लागतं. तेवढं सरकायला माणसांना किती जड जातं, ते बघून बघून मी थकलो आहे.

मला एका कॉलेजसाठी बनवलं गेलं. सुतारमिस्त्रींनी माझी फळी इतकी घासली, की शिपाई म्हणाला, "अहो मिस्त्री, पोरं घसरून पडतील!"

"पडू देत. टोचायला नको कुणाला," मिस्त्री म्हणाले.

माझ्या वर्गात समाजशास्त्र शिकवीत. सर दरवर्षी पहिल्या दिवशी सांगत, "हवं तिथे बसा." आठवड्यानंतर विचारत, "काय रे, सगळे त्याच त्याच जागी कसे? मी सांगितलं होतं?" मुलं एकमेकांकडे बघत. मग सर फळ्यावर 'सामाजिक प्रमाणके' असं लिहीत. म्हणजे कुठेही न लिहिलेले नियम. कुणी केले ते ठाऊक नसतं, मोडले की मात्र लगेच कळतं. पुढे दर्जा आणि भूमिका यायच्या. चारचौघांत आपली जागा कोणती, तो दर्जा. त्या जागेवर असताना कसं वागायचं, ती भूमिका. बावीस वर्षं ऐकून मला व्याख्या तोंडपाठ झाल्या. परीक्षेत पहिला आलो असतो. पण बाकावर बसून परीक्षा देतात, बाकाची कुणी घेत नाही.

मग वर्गात लोखंडी खुर्च्या आल्या. दोन पावसाळे मी रंगाच्या डब्यांखाली गच्चीच्या जिन्यात काढले. पाय कुजला. शेवटी बालवाडीच्या बाई मला इथे घेऊन आल्या. मला वाटलं, चला, सुटलो व्याख्यांच्या तावडीतून. कसला सुटतोय!

बालवाडी सुटायच्या आधी आया माझ्यावर येऊन बसत. दाराजवळची पहिली जागा मोठ्या वहिनींची. त्यांची थोरली दोन मुलं इथेच शिकून गेली आणि आता धाकटी येत होती, म्हणून सगळ्या त्यांना वहिनी म्हणत. दार उघडलं, की मुलांना आधी तीच जागा दिसते. आपलं माणूस दिसलं की मूल रडत नाही, म्हणून ती जागा सगळ्यांनाच हवीशी. पण कुणी मागत नसे.

एक दिवस रुग्णालयातली एक नर्स रात्रपाळी संपवून, डोळे चोळत आली. तिची मुलगी आदल्या दिवसापासूनच येऊ लागली होती. ती सरळ पहिल्या जागेवर बसली. वहिनी आल्या, थबकल्या. कुणी ऊठ म्हटलं नाही. फक्त बोलणं बंद झालं. नर्स कानकोंडी होऊन उठली.

दुसऱ्या दिवशी माझ्यावर तिघीच होत्या, तरी चौथ्या जागेवर पिशवी. "इथे कुणीतरी येणार आहे हं," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या. कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशीही पिशवी. मग नर्सने विचारायचंच सोडलं. रात्रभर उभी असलेली ती बाई भिंतीला टेकून उभी राही, आणि तिची लेक दारातून बाहेर आली की माझ्यावरच्या चेहऱ्यांमध्ये आई शोधून रडवेली होई. महिनाभर असं चाललं. एका जुन्या बाकाच्या अंगात एवढंच बळ होतं की करकरावं. करकरलो. वहिनी म्हणाल्या, "बाईंना सांगायला हवं, बाक बदला म्हणून."

एकदा सुटल्यावर आया बाईंशी बोलत उभ्या होत्या. मुली माझ्यावर चढून 'आई-आई' खेळू लागल्या.

"आमचा हा ना, काही खातच नाही मेला!"

"आमच्याकडे सकाळपासून पाणी नाही बाई!"

आयांना हसू आवरेना. तेवढ्यात नर्सची लेक धावत आली. वहिनींच्या धाकटीने झटकन आपलं दप्तर शेजारी ठेवलं आणि मान वेळावून म्हणाली, "इथे कुणीतरी येणार आहे हं."

तोच गोड आवाज. नर्सची लेक भिंतीपाशी गेली आणि आईसारखीच पाठ टेकून उभी राहिली. तिला वाटलं, खेळात आपलं काम तेच आहे.

सर याला सामाजीकरण म्हणत. मूल आधी घरच्यांकडे बघून समाज शिकतं. फळ्यावर तो शब्द केवढा स्वच्छ दिसायचा.

वहिनींचं हसू विरलं. त्यांनी ते दप्तर उचललं. "अहो ताई, या ना, बसा. चुकलंच माझं."

"उद्या बसेन," नर्स म्हणाली. "आधी हिला बसू द्या."

"ये गं बाळा," वहिनी म्हणाल्या.

पोरीने मान हलवली. "मी उभी असते."

मित्रांनो, माझा कुजलेला पाय विटेवर निभावतोय. मला रंग नका देऊ, खिळेही नका ठोकू. माझी एवढीच काळजी घ्या: माझ्यावर बसलात आणि कुणी समोर उभं दिसलं, तर विचारायची वाट न बघता जरा सरका. आणि तुमची मुलं तेव्हा बघत असतात, हे ध्यानात असू द्या.

नर्स आता रोज माझ्यावर बसते. तिची लेकही बसते. पण अगदी कडेला, एक पाय जमिनीवर टेकवून, कुणी ऊठ म्हटलं तर लगेच उठता येईल अशी.